खोगीर कोणाच्या सांगण्यावरून?

खोगीर हा शब्द आता आपल्या घरांत ‘खोगीरभरती’पुरताच उरला आहे. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० साली येथे स्थिरावली आणि शहराच्या या भागाला लष्कर हेच नाव पडले. त्या काळच्या मराठी घराण्यांना खोगिराची महती सांगावी लागत नसे. मराठी फौजेत बारगिराला घोडा नि सामान सरकारातून मिळे, शिलेदार मात्र दोन्ही पदरचे आणी. आज हौसेने रपेट शिकणारा मुलगा एका अर्थी शिलेदारच. घोडा शाळेचा असला तरी पुढेमागे खोगीर वडिलांच्या खिशातून येते आणि ते कोणते घ्यावे हे शिक्षक सांगतात.

हे सांगण्याचा त्यांना अधिकारही आहे. खोगिराचा भार घोड्याच्या कण्यावर पडता कामा नये. तो कण्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर सारखा वाटला गेला पाहिजे. स्वार बसल्यावरही समोरचा उंचवटा मोकळा राहिला पाहिजे, आणि खोगीर शेवटच्या बरगडीच्या मागे जाता कामा नये. शिवाय कामाने, चाऱ्याने, वयाने घोड्याची पाठ बदलते. घोडा आणि विद्यार्थी दोघांनाही रोज पाहणाऱ्या माणसाइतके हे कोणाला कळणार?

अडचण नेमकी येथेच आहे. कानपूर ग्वाल्हेरपासून फार दूर नाही, आणि तेथल्या खोगिरांना भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. माल उत्तम असू शकतो. पण विकणाऱ्याकडून शिक्षकांना दस्तुरी मिळत असेल, तर सल्ला घोड्याच्या पाठीवरून दिला की बिलावरून, हे पालकाला कसे कळावे? सर्वच शिक्षक तसे असतात असे मी मुळीच म्हणत नाही. किंबहुना दस्तुरी घेणाऱ्याचा सल्लाही खरा असू शकेल. पण ती लपवली की खऱ्या सल्ल्यावरही संशयाची सावली पडते, आणि गुरूवरचा विश्वास एकदा उडाला की तो रिकिबीत पाय ठेवायला शिकवतानाही परत येत नाही.

कायद्याला ही गोष्ट नवी नाही. १८७२ च्या करार कायद्याचे २१६ वे कलम सांगते की, प्रतिनिधीने धन्याच्या नकळत त्याच्या कामात स्वतःचा व्यवहार साधला, तर त्यातला लाभ धनी मागू शकतो. डॉक्टरांना रोगी पाठवल्याबद्दल दलाली घेण्यास २००२ च्या नियमांनी मनाई केली. चाबुकस्वाराची नीती याहून निराळी का असावी?

मला वाटते, उपाय अवघड नाही. शिक्षकांनी आपण होऊन सांगावे, “या दुकानाकडून मला इतके मिळते.” पालकांनीही संकोच न धरता विचारावे. गुरूला पैशाचे विचारणे आपल्या घरांत अशिष्ट मानतात. पण येथे विचारणेच शिष्टपणाचे आहे. खोगीर काही दिवस वापरून पाहण्याची मुभा मागावी. रपेटीनंतर ते उतरवले की घामाचे ओले ठसे पाहावेत. चोहीकडे ओले आणि मध्येच एक कोरडा डाग दिसला, तर तेथे दाब अधिक पडत असण्याचा संभव आहे. शंका आल्यास दस्तुरीशी संबंध नसलेल्या जाणत्याला दाखवावे.

चुकीच्या खोगिराचा खर्च वडील सोसतात, मुलाची बैठक बिघडते. पण पाठ सोलते ती घोड्याची, आणि त्याला बिलही वाचता येत नाही, तक्रारही करता येत नाही. ती काळजी गुरूने वाहायची असते.