विमानात रोजा कधी सोडायचा?

रमजानमध्ये उमरा करायला मिळावा म्हणून अनेकजण वर्षानुवर्षे पैसे साठवतात. मग एक दिवस मुंबईहून जेद्दाहचे विमान पकडतात. तिकिटावर सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ छापलेली असते. इफ्तारची वेळ मात्र नसते.

मुंबई ते जेद्दाह हे हवाई अंतर सुमारे 3,500 किलोमीटर आहे. थेट विमानाला पाच ते साडेपाच तास लागतात आणि तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. दुपारी एकला निघालेले विमान उतरते, तेव्हा मुंबईत सव्वासहा झालेले असतात. घरी दस्तरखान अंथरण्याची तयारी चालते. जेद्दाहमध्ये मात्र पावणेचारचे ऊन असते.

रोजा सुटतो तो सूर्यास्ताला, आणि तोही माणूस जिथे आहे तिथल्या. मार्चमध्ये मुंबईत सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, तर जेद्दाहमध्ये तिथल्या साडेसहाला, म्हणजे आपल्या नऊ वाजता. मुंबईत सहेरी केलेल्याचा तेरा तासांचा रोजा असा सव्वापंधरा तासांचा होतो. परतीच्या वाटेवर तितकाच वेळ वाचतो.

सूर्यास्त आकाशात असतानाच होणार असेल, तर उंचीचाही विचार करावा लागतो. अकरा किलोमीटर उंचीवरून क्षितिज खाली दिसते, म्हणून सूर्य जमिनीपेक्षा दहा ते पंधरा मिनिटे जास्त दिसत राहतो. खाली कुठल्या शहरात अजान झाली, हे तेव्हा पाहायचे नसते. खिडकीतून सूर्य दिसत असेल तर थांबायचे. दुबईतील बुर्ज खलिफाबाबत 2011 मध्ये तिथल्या उलेमांनी हेच सांगितले होते: 80 व्या मजल्यावरच्या रहिवाशांनी दोन मिनिटे आणि 150 व्या मजल्यावरच्यांनी तीन मिनिटे उशिरा रोजा सोडावा.

हे झेपणार नसेल तर? सूरह बकरामध्ये प्रवासी आणि आजारी यांना रोजा न ठेवता तो नंतर पूर्ण करण्याची सवलत स्पष्ट दिली आहे. मात्र हनफी आणि कोकणात रूढ असलेल्या शाफई मतानुसार, पहाटे घरी असताना सुरू केलेला रोजा केवळ दुपारी प्रवास आहे म्हणून मोडता येत नाही. फजरपूर्वीच प्रवासाला निघालेल्याला ती मुभा आहे. जीव कासावीस झाला, आजार बळावला, तर गोष्ट वेगळी.

म्हणून तिकीट काढतानाच वेळेचा हिशेब करावा आणि आपल्या इमामांना विचारून घ्यावे. घरात मधुमेहाचे किंवा वयस्क यात्रेकरू असतील, तर डॉक्टरांचा सल्लाही घ्यावा. रात्रीचे विमान मिळाले तर त्यांचा बराच त्रास वाचतो. हातातल्या पिशवीत खजूर ठेवावेत. आणि अल्लाहने दिलेली सवलत घेणाऱ्या वडीलधाऱ्यांना कुणी कमी लेखू नये. त्यांचा रोजा बुडालेला नसतो, पुढच्या दिवसांवर गेलेला असतो.