दोनदाती

सकाळी ६.३० : दवाखाना उघडायच्या आधीच फोन. "सायेब, गोऱ्हा लई मारका झालाय. काल पोराला शिंगावर घेतलं." पोरगं कसं आहे ते आधी विचारलं. मांडीला मुका मार, बाकी ठीक. पेटीत खच्चीकरणाचा बर्डिझो चिमटा आणि भुलीचं औषध टाकलं, अंबडच्या रस्त्याला लागलो.

७.४५ : मोसंबीच्या बागेला लागून गोठा. दोनदाती लाल कंधारी गोऱ्हा दाव्याला हिसके देत माती उकरतोय.

"आबा, इतके दिवस कशाला थांबलात?"

"खांद भरू दिली, सायेब. जू कशावर ठेवायचं?"

खोटं नाही. लवकर बडवलेल्या बैलाची मान बारीक राहते. पण उशीर जितका, तितका त्रास मोठा.

गुंगीचं इंजेक्शन दिलं, कासऱ्यानं पाडला, वृषणाच्या दोन्ही नसांत भूल टोचली. आता दहा मिनिटं थांबायचं. घाई सगळ्यांना इथंच होते आणि मी ती होऊ देत नाही. २०२३च्या केंद्राच्या नियमांत खच्चीकरणाला भूल सक्तीची आहे. नियम नसता तरी थांबलो असतो. दगडावर ठेचलेल्या गोऱ्ह्याचं ओरडणं आबांनी लहानपणी ऐकलंय.

"सर, बाहेरदेशी नुसती लस देतात म्हणे?" आबांच्या नातवानं विचारलं.

देतात. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये, मांसासाठी वाढवलेल्या नरांना. मेंदूतून जीएनआरएच नावाचं संप्रेरक सुटतं, अवघ्या दहा अमिनो आम्लांची साखळी. त्याच्या हुकमावर वृषणात टेस्टोस्टेरॉन तयार होतं. लशीमुळे शरीर त्याच संप्रेरकाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. हुकूम वाटेतच अडतो, नर निवळतो. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेत जी. पी. तलवार यांनी याच संप्रेरकावर प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी लस तयार केली होती. जनावरांत काही आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात आणि असर काही महिन्यांत ओसरतो. कत्तलीच्या जनावराला तेवढं पुरतं. आबांच्या बैलाला दहा वर्षं औत ओढायचंय.

मग चिमटा. डावी नस मिनिटभर. उजवी जरा खाली, म्हणजे मधल्या कातडीचा रक्तपुरवठा तुटत नाही. गोऱ्ह्याचा फक्त कान हलला.

चिमटा पुसताना आबा सहज बोलले, "याची माय सहा लिटर देती."

लाल कंधारीला सहा लिटर म्हणजे फार. हा वळू म्हणून ठेवायला हवा होता. मी आधी विचारायला हवं होतं. लशीचा असर ओसरतो, हेच इथं कामाचं. डोस देत वर्षभर नर शांत ठेवायचा, आई-बहिणीचं दूध मोजायचं, मग ठरवायचं. प्रजननक्षमता प्रत्येकात सारखी परतत नाही. पण चिमट्यानंतर काहीच परतत नाही. माझ्या फ्रीजमध्ये ती लस नाही.

११ ते ४ : तीन कृत्रिम रेतनं, एक पोटफुगी.

५.३० : बाजारात मोकाट वळूनं भाजीचा गाडा उलथवलाय. २०१५पासून राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीला बंदी आहे. कामाला न लागणारा नर बरेचदा रस्त्यावर येतो. कुणीतरी म्हणालं, "लस टोचून टाका." याला एकदा धरायलाच आठ माणसं लागतात, दर काही महिन्यांनी कोण धरणार? उद्या सकाळी दोर घेऊन यायचं ठरलं.

८.०० : आबांचा फोन. गोऱ्हा उठलाय, रवंथ करतोय. सांगितलं, पोराला महिनाभर लांब ठेवा, संप्रेरक ओसरलं तरी सवय राहते. गायींपासूनही दूर बांधा. मग त्याच्या मायच्या कानातला बिल्ला वाचून दाखवायला लावला. बारा आकडे वहीत उतरवले. ती पुन्हा गाभण आहे.