हाय स्ट्रीटवरचं घर आणि लपलेली मोजणी

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात, शिकागोच्या दक्षिणेला, अर्बाना नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. तिथल्या वेस्ट हाय स्ट्रीटवरचं एक पांढरं दुमजली लाकडी घर विद्यार्थी भाड्यानं घेत आले. आता लांबलांबून लोक येतात, रस्त्यात उभं राहून मान वर करतात आणि माडीच्या खिडकीचा फोटो काढतात. हे घर पाडलं जाऊ नये म्हणून २०२३ मध्ये एका बँडनं, त्यांच्या रेकॉर्ड कंपनीनं आणि काही स्नेह्यांनी मिळून ते विकतच घेतलं. ख्रिस स्ट्राँग या छायाचित्रकारानं टिपलेली त्याची उजळलेली खिडकी १९९९ साली एका अल्बमच्या कव्हरवर आली. अल्बमचं आणि बँडचं नाव एकच, ‘अमेरिकन फुटबॉल’. खेळाशी त्यांच्या संगीताचा संबंध नाही.

ज्या प्रकारात हा बँड मोडतो त्याला ‘मॅथ रॉक’ म्हणतात. नाव रुक्ष आहे, पण मराठी श्रोत्याला त्यातली मूळ कल्पना परकी वाटू नये. बहुतेक रॉक गाणी चार-चार मात्रांच्या ठोक्यावर चालतात. मॅथ रॉकवाले पाच, सात, अकरा अशा विषम आवर्तनांत वाजवतात आणि मध्येच आवर्तन बदलतात. सात मात्रांचा रूपक किंवा दोन-तीन-दोन-तीन असा चालणारा झपताल ज्यांच्या कानात मुरला आहे, त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. फरक असा, की इथे ठेक्याला नाव नसतं आणि सम कुठे आहे हे कुणी हात दाखवून सांगत नाही. एक गिटार पाच मात्रांचा तुकडा फिरवते, दुसरी सहाचा. दोघी एकत्र निघाल्या की तीस मात्रांनी पुन्हा एका जागी येतात. मधला सगळा वेळ त्या एकमेकींना ओलांडत राहतात.

या प्रवाहाचा उगम शोधताना लुईव्हिलच्या ‘स्लिंट’चा १९९१ सालचा ‘स्पायडरलँड’ आणि पिट्सबर्गचा ‘डॉन कॅबलेरो’ ही नावं आधी येतात. त्या संगीतात ताण आहे, धार आहे, ड्रम्सचा मारा आहे. अमेरिकन फुटबॉलनं हिशेब तोच ठेवला आणि आवाज खाली आणला. या बँडचा सगळा वेगळेपणा त्या एका निर्णयातून निघतो. मोजणी चालू असते, पण ती ऐकू येत नाही.

१९९७च्या सुमारास हे त्रिकूट जमलं. माइक किन्सेला गाणारा आणि गिटारवाला, स्टीव्ह होम्स दुसऱ्या गिटारवर, स्टीव्ह लॅमोस ड्रम्सवर. किन्सेला मुळात ड्रमर. कोवळ्या वयातच तो थोरला भाऊ टिमच्या ‘कॅप’न जॅझ’ या शिकागोकडच्या धसमुसळ्या बँडमध्ये ड्रम्स वाजवत असे. त्याच्या गिटारमधला ठेक्याचा पक्केपणा तिथला असावा. पण त्या बँडचा आरडाओरडा त्यानं मागे ठेवला. होम्स आणि लॅमोस संगीतकार स्टीव्ह राईक, जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस आणि शिकागोचा ‘द सी अँड केक’ हा बँड आवडीनं ऐकत. राईकचा प्रभाव तर उघडच दिसतो. छोटे तुकडे पुन्हा पुन्हा वाजवायचे, ते एकमेकांवरून किंचित सरकू द्यायचे आणि त्या सरकण्यातून नवी चाल कानावर येऊ द्यायची, हे राईकचं तंत्र. त्याच्या १९८७च्या ‘इलेक्ट्रिक काउंटरपॉइंट’मध्ये एकट्या वादकासाठी गिटारींचे थरच्या थर रचले आहेत. विद्यार्थ्यांच्या खोलीतल्या दोन गिटारींवर तोच विचार उतरला.

आता थोडं तारांविषयी, कारण खरी जादू तिथे आहे. गिटारच्या सहा तारा सर्वसाधारणपणे ई-ए-डी-जी-बी-ई अशा लावतात. ‘नेव्हर मेन्ट’ या त्यांच्या सर्वांत गाजलेल्या गाण्यात त्या एफ-ए-सी-जी-सी-ई अशा लावल्या आहेत. बदल तीनच तारांत आहे. सर्वांत जाडी तार अर्धा स्वर चढते; बारीक तारेकडून मोजली तर चौथी एक स्वर उतरते, दुसरी अर्धा स्वर चढते. एफ हा षड्ज धरला तर जाड्या तारेकडून स्वर येतात सा, ग, प, रे, प, नी. म्हणजे बोटं न ठेवता नुसत्या मोकळ्या तारा छेडल्या तरी त्यात गोडवा आणि हुरहुर दोन्ही असतात. रे आणि नी तिथे कायम हजर असल्यामुळे सूर पुरता घरी येऊन बसत नाही. उजव्या हातानं एकेक तार टिपत जायचं, डाव्या हाताची दोन बोटं हलवायची आणि बाकीच्या तारा घुमू द्यायच्या. तानपुऱ्याच्या जवारीत वाढलेल्या कानाला हे घुमणं लगेच पकडतं. दोन्ही परंपरांचा एकमेकींशी काही इतिहास नाही, पण घुमणाऱ्या तारेचा परिणाम माणसावर सारखाच होतो.

१९९८ मध्ये एक ईपी, म्हणजे छोटी रेकॉर्ड आली, पुढच्या वर्षी तो नऊ गाण्यांचा अल्बम. अर्बानाच्या ‘प्रायव्हेट स्टुडिओज’मध्ये तो झाला. बँडमध्ये बेस वाजवणारा कुणी नव्हता, त्यामुळे खालचा भराव कमी आणि दोन गिटारींमधली हवा जास्त. लॅमोस ड्रम्सखेरीज ट्रम्पेट वाजवत असे. ‘द समर एन्ड्स’ मध्ये ती ट्रम्पेट दूरच्या खोलीतून यावी तशी येते. डेव्हिसचा संयम त्यात आहे, कमी स्वर आणि भरपूर थांबा. शब्दही थोडेच. कॉलेज संपण्याच्या दिवसांतलं तुटणं आणि निरोप, इतकाच विषय.

मग कॉलेज खरोखरच संपलं आणि बँडही. अल्बम निघाला तेव्हा त्याच्यामागे फिरणारं कुणी उरलं नव्हतं. लॅमोस पुढे कोलोराडो विद्यापीठात लेखन शिकवू लागला. किन्सेला ‘ओवेन’ या नावानं एकट्यानं गात राहिला. अल्बम मात्र हातोहाती फिरत गेला. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या ‘टीटीएनजी’सारख्या बँडनं टिपलेल्या तारांची ही भाषा पुढे नेली. अमेरिकेच्या मध्यभागात जन्मलेल्या या हळव्या प्रकाराला ‘मिडवेस्ट इमो’ म्हणतात आणि त्याचा नमुना म्हणून आज हाच अल्बम पुढे केला जातो.

२०१४ मध्ये त्यांच्या पॉलिविनल या रेकॉर्ड कंपनीनं अल्बम नव्यानं काढला आणि बँड पुन्हा मंचावर उभा राहिला. पंधरा वर्षांपूर्वी थोड्या लोकांपुढे वाजवणाऱ्यांना न्यूयॉर्कच्या वेबस्टर हॉलमध्ये तुडुंब गर्दी मिळाली. आता माइकचा चुलतभाऊ नेट किन्सेला बेसवर आला. पुढच्या बदलाचं बीज त्याच्या येण्यात आहे. नेटबरोबर व्हायब्राफोन हे धातूच्या पट्ट्यांचं वाद्यही आलं.

२०१६चा दुसरा अल्बम मात्र अडखळतो, असं प्रस्तुत लेखकाचं स्पष्ट मत आहे. कव्हरवर तेच घर, यावेळी आतून. पण गाणी लहान झाली, आवाज पुढे आला आणि गिटारी त्याच्या साथीला बसल्या. ‘ओवेन’च्या वर्षांत किन्सेलाचा गळा पिकला होता, त्यामुळे गाण्याकडची ओढ समजण्यासारखी आहे. तरी पहिल्या अल्बममध्ये शब्द थांबल्यावर जी जागा मोकळी राहत होती, ती इथे भरून गेली आहे.

२०१९च्या तिसऱ्या अल्बमनं त्याची भरपाई केली. कव्हरवर घर नाही, मोकळं धूसर रान आहे. पहिलंच गाणं ‘सिलुएट्स’ सात मिनिटांहून लांब. व्हायब्राफोनचे थेंब एकावर एक पडत जातात, मग बाकीची वाद्यं सावकाश आत शिरतात. राईक इथे पुन्हा भेटतो, यावेळी गिटारीऐवजी धातूच्या पट्ट्यांवर. सोबत नव्वदीतल्या ब्रिटिश ‘शूगेझ’चं धुकं आहे, आणि त्या प्रकारातल्या ‘स्लोडाइव्ह’ची रेचल गॉसवेल एका गाण्यात स्वतः गाते. ‘पॅरामोर’ची हेली विल्यम्स ‘अनकम्फर्टेबली नम्ब’ मध्ये आहे. ‘लँड ऑफ टॉक’ची एलिझाबेथ पॉवेल फ्रेंचमध्ये गाते. विषयही वयात आले. निरोप घेणाऱ्या पोराच्या जागी आता बाप झालेला, वडिलांच्या सावलीकडे वळून पाहणारा माणूस आहे. विषम आवर्तनं गेली नाहीत, धुक्याखाली वाहत राहिली. १९९९ला ‘मोजणी लपवणं’ हा साधा स्वभाव होता. इथे तो जाणून केलेला विचार आहे, आणि म्हणूनच हा त्यांचा सर्वांत परिपूर्ण अल्बम ठरतो.

लॅमोस २०२१ मध्ये बाहेर पडला आणि २०२३ मध्ये परतला. त्याच्यासारख्या ड्रमरशिवाय हा बँड चालणं कठीण होतं. तो ठोका देतो तेव्हा गिटारींचं भांडण सुटतं, आणि कुठे सुटलं हे ऐकणाऱ्याला सांगता येत नाही.

पंचवीस वर्षं झाल्याचं निमित्त साधून २०२४ मध्ये पहिल्या अल्बमची नऊच्या नऊ गाणी इतरांनी गाऊन-वाजवून दिली. ‘नेव्हर मेन्ट’ ‘आयर्न अँड वाइन’नं जवळजवळ लोकगीतासारखं केलं. गायिका एथेल केननं ‘फॉर शुअर’ ताणून त्याचं संथ, अंधारं विस्तीर्ण रूप उभं केलं. मॅथ रॉकच्या पुढच्या पिढीतली गिटारवादक इव्हेट यंग हिनं शब्द नसलेली एक रचना घेतली. आणि शेवटची, वुर्लिट्झर पियानोचं नाव लावणारी रचना आली जॉन मॅकेन्टायरकडे. ‘टॉर्टॉइज’चा आणि ‘द सी अँड केक’चा हा ड्रमर. ज्याचा बँड अर्बानाची ती पोरं आवडीनं ऐकत, त्याच माणसानं त्यांच्या अल्बमचं शेवटचं पान वाजवलं.