मद्यमुक्ती स्वमदत गट

मद्यमुक्ती स्वमदत गट म्हणजे दारूच्या व्यसनातून बाहेर पडू इच्छिणाऱ्या आणि बाहेर पडलेल्या व्यक्तींनी परस्परांच्या आधारासाठी चालवलेला गट होय. महाराष्ट्रात ‘स्वयंसहायता गट’ म्हटले की महिलांचे बचत गट डोळ्यांपुढे येतात. त्यांच्याशी याचा संबंध नाही. या गटात उपदेश करणारा कोणी नसतो. बोलणारा स्वतः त्याच वाटेने गेलेला असतो, हे या पद्धतीचे मुख्य वैशिष्ट्य. अशा गटांत अल्कोहोलिक्स अनॉनिमस (संक्षेपाने ‘एए’) ही जगात सर्वाधिक पसरलेली संघटना असून तिच्या सभा महाराष्ट्रातही भरतात.

उगम

न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात काम करणारे बिल विल्सन डिसेंबर १९३४ पासून दारूपासून दूर होते. मे १९३५ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरी त्यांचा एक व्यवहार फसला. हॉटेलात एकटे असताना पिण्याची ओढ अनावर होऊ लागली, तेव्हा त्यांनी दुसऱ्या एखाद्या मद्यपीचा शोध सुरू केला. त्यातून त्यांची गाठ शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी पडली. पंधरा मिनिटांत उठायचे असे ठरवून आलेले डॉक्टर काही तास बोलत बसले. विल्सन यांनी त्यांना दारू सोडण्याचा आग्रह केला नाही. स्वतःची कहाणी सांगितली. त्यानंतरही डॉक्टर एकदा घसरले. त्यांनी शेवटचा प्याला घेतला तो दिवस, १० जून १९३५, हाच एए आपला स्थापनादिन मानते. पुढे १९३९ मध्ये संघटनेचा मूळ ग्रंथ प्रसिद्ध झाला व त्यात ‘बारा पायऱ्या’ मांडल्या गेल्या.

गट शोधणे

केंद्र शासनाची १४४४६ ही निःशुल्क व्यसनमुक्ती मदतवाहिनी, रुग्णालयांचे मानसोपचार विभाग आणि व्यसनमुक्ती केंद्रे यांच्याकडे चौकशी करता येते. एएची स्वतःची संकेतस्थळे व दूरध्वनी सेवाही आहेत. सभा बहुधा शाळेचा वर्ग, चर्चचे सभागृह किंवा रुग्णालयातील खोली अशा ठिकाणी संध्याकाळी भरतात. ‘खुल्या’ सभेस नातेवाईक, विद्यार्थी वा जिज्ञासू कोणीही बसू शकतो. ‘बंद’ सभा मात्र दारू सोडू इच्छिणाऱ्यांपुरती असते. प्रथम जाणाऱ्याने सभा कोणत्या प्रकारची व कोणत्या भाषेत आहे, हे आधी विचारून घेणे सोयीचे ठरते.

पत्ता मिळूनही पाऊल उचलत नाही, याचे मोठे कारण ‘कोणी ओळखले तर?’ ही भीती. लहान गावात ती अधिकच असते. वस्तुतः तेथे ओळखणारा माणूसही त्याच कारणासाठी आलेला असतो आणि सभेत ऐकलेले बाहेर न सांगण्याचा दंडक असतो. शिवाय, आपण मद्यपी आहोत हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना बहुधा आधीच ठाऊक असते. ठाऊक नसते ते आपण उपाय शोधत आहोत हे.

सभेचे स्वरूप

सभा साधारण तास-दीड तासाची असते. सदस्य केवळ पहिले नाव सांगून आपण मद्यपी असल्याचे म्हणतो आणि अनुभव मांडतो. मध्ये कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही. नवागताने नुसते ऐकले तरी चालते. शुल्क नसते, सदस्य ऐच्छिक वर्गणी काढतात आणि बाहेरची देणगी स्वीकारली जात नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सदस्यत्वाची अट आहे. संकल्प जन्मभराचा नव्हे, ‘फक्त आजचा दिवस’ एवढाच करायचा असतो. नव्या सदस्याला अनुभवी सदस्य ‘स्पॉन्सर’ म्हणून साथ देतो. पिण्याची ओढ लागली की त्याला दूरध्वनी करायचा, असा प्रघात आहे. पुन्हा प्यालेल्यास गटातून काढत नाहीत. तो परत येतो आणि दिवस एकपासून मोजू लागतो. एक गट मनास रुचला नाही तर दुसरा पाहावा. गटागटांत बराच फरक असतो.

वैद्यकीय दक्षता

रोज मोठ्या प्रमाणात पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केल्यास हातपाय थरथरणे, घाम, निद्रानाश, फिट येणे आणि साधारणतः दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होणे असे त्रास संभवतात. उपचार न मिळाल्यास यात मृत्यूही ओढवतो. म्हणून अशा व्यक्तीने सभेच्या भरवशावर घरीच दारू तोडू नये. आधी डॉक्टरांकडे जावे. गट हा वैद्यकीय उपचाराचा पर्याय नाही. मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेले औषध एखाद्या सदस्याच्या सांगण्यावरून थांबवणेही चुकीचे होय.

कुटुंबीय

मद्यपीच्या नातेवाइकांसाठी ‘अल-अनॉन’ ही स्वतंत्र संघटना १९५१ पासून काम करते. माणूस सुधारेपर्यंत वाट न पाहता घरच्यांनी आपले जगणे सावरावे, हा तिचा रोख आहे. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालतो.

परिणाम व आक्षेप

कॉक्रेन या संशोधन-संस्थेच्या २०२० मधील आढाव्यात २७ अभ्यास तपासले गेले. एएकडे पद्धतशीरपणे वळवणारे उपचार सलग दारू टाळण्याच्या बाबतीत इतर मान्य उपचारांच्या बरोबरीचे किंवा सरस ठरल्याचे त्यात आढळले. मात्र हे निष्कर्ष प्रामुख्याने सुनियोजित उपचारांविषयीचे असून एखाद-दुसऱ्या सभेला लागू पडणारे नाहीत. बारा पायऱ्यांतील ‘उच्चतर शक्ती’ अनेक विवेकवाद्यांना खटकते. तिचा अर्थ ज्याने-त्याने लावावा, अशी एएची भूमिका आहे. ज्यांना तेही मानवत नाही, त्यांच्यासाठी अमेरिकेत १९९४ मध्ये ‘स्मार्ट रिकव्हरी’ ही ईश्वरकल्पना वगळून चालणारी संघटना स्थापन झाली. तिच्या सभा आंतरजालावरही भरतात.