समीकरण मंजूर, कल्पना नामंजूर

जे समीकरण चुकीचे ठरेल अशी स्वतःची मनोमन अपेक्षा होती, त्याच समीकरणाच्या तपासणीत सुमारे दहा वर्षे वेचून, शिकागो विद्यापीठातील रॉबर्ट मिलिकन यांनी १९१६ साली ते तंतोतंत खरे असल्याचा दाखला दिला. विज्ञानाच्या इतिहासात याहून निर्मळ सचोटीचे उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

ते समीकरण धातूवर प्रकाश पडताच सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांविषयीचे होते. समुद्राची लाट जितकी उंच तितका तिचा आघात मोठा, या न्यायाने प्रकाश जितका प्रखर तितक्या अधिक वेगाने धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडावेत, आणि प्रकाश मंद असला तरी ऊर्जा साठत जाऊन कालांतराने त्यांची सुटका व्हावी, असे तरंगवादाचे सरळ गणित होते. परंतु फिलिप लेनार्ड यांनी १९०२ साली दिव्याची प्रखरता पुष्कळ पटींनी बदलून पाहिली, तेव्हा इलेक्ट्रॉनांची संख्या तेवढी वाढली. त्यांची कमाल ऊर्जा जागची हलली नाही. जस्ताच्या स्वच्छ पत्र्यावर तांबड्या प्रकाशाचा कितीही मारा केला तरी एक इलेक्ट्रॉन सुटत नाही, आणि अतिनील किरणांचा क्षीण झोत पडताच ते तत्क्षणी सुटू लागतात.

बर्नच्या पेटंट कचेरीत नोकरीस असलेल्या आइन्स्टाइन यांनी १९०५ साली याची उपपत्ती सुचविली, ती अशी की, प्रकाशाची ऊर्जा सुट्या पुंजांत विभागलेली असून पुंजाचे मोल केवळ प्रकाशाच्या वारंवारितेवर ठरते, आणि एक पुंज आपले सर्वस्व एकाच इलेक्ट्रॉनाच्या हवाली करतो. धातूच्या वेशीवर ठरलेली जकात चुकती करून जे उरेल, तेवढेच त्या इलेक्ट्रॉनाच्या गतीच्या खात्यावर जमा होते. ज्या पुंजापाशी जकातीपुरतीही रक्कम नाही, तसे कोट्यवधी पुंज आले तरी वेस उघडत नाही.

हा हिशेब, म्हणजेच आइन्स्टाइन यांचे समीकरण, पडताळणे महाकठीण होते, कारण सोडियम, लिथियम, पोटॅशियम यांसारख्या धातूंच्या पृष्ठभागावर हवा लागताच पुट चढते आणि जकातच बदलून जाते. म्हणून मिलिकन यांनी काचपात्रातील हवा काढून टाकून आतच जणू एक छोटा कारखाना थाटला: बाहेरच्या विद्युत्‌चुंबकाने फिरणारी सुरी धातूचा थर तासून काढी, आणि तो ताजा, लखलखीत पृष्ठभाग लगोलग प्रकाशासमोर आणला जाई. इलेक्ट्रॉनांना थोपविण्यास लागणारा विद्युद्दाब वारंवारितेच्या समोर मांडला, तो सरळ रेषेत बसला. त्या रेषेच्या चढावरून, पुंजाची ऊर्जा वारंवारितेशी बांधणाऱ्या प्लांकच्या स्थिरांकाचे मूल्य, त्यांच्या हिशेबाने, अर्ध्या टक्क्याच्या अचूकतेने हाती आले. समीकरण मंजूर झाले. पुंजाची कल्पना मात्र त्याच लेखात त्यांनी धाडसी, किंबहुना अविचारी ठरविली.

पुढे १९२३ साली आर्थर कॉम्प्टन यांनी क्ष-किरण इलेक्ट्रॉनांवर कणांप्रमाणे आदळून ऊर्जा गमावतात हे दाखविल्यावर पुंजांविषयीचा आक्षेप बराचसा निवळला. परंतु मिलिकन यांच्या नकाराला हट्ट म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण तरंगवादाचा पुरावाही तितकाच भक्कम होता. १९०९ साली केंब्रिजच्या जी. आय. टेलर यांनी, मैलभर दूर जळणाऱ्या मेणबत्तीइतका मंद केलेला प्रकाश एका सुईवरून छायाचित्राच्या काचेवर सुमारे तीन महिने पडू दिला. पुंज मानले तर त्यांनी जवळजवळ एकेकट्यानेच ती वाट चालावी इतका तो विरळ होता. काच धुतल्यावर सुईच्या सावलीभोवती तरंगांच्या व्यतिकरणाचे पट्टे उमटलेले दिसले, प्रखर प्रकाशात उमटतात तितकेच रेखीव.