आर्सेनलच्या जुन्या स्टेडियममध्ये आता लोक राहतात, ते कसं?

उत्तर लंडनमधल्या हायबरी भागात ॲव्हनेल रोडवर एक भव्य पांढरी इमारत आहे. तिच्या दर्शनी भिंतीवर आजही 'आर्सेनल स्टेडियम' असं नाव आहे. पण २००६ नंतर इथे एकही सामना झालेला नाही. आत फ्लॅट आहेत आणि जिथे फुटबॉलचं मैदान होतं तिथे बाग आहे.

भरभराटीला आलेल्या क्लबला स्वतःचं प्रसिद्ध स्टेडियम का सोडावं लागलं? आणि सोडल्यावरही ते पूर्ण का पाडलं गेलं नाही?

घरांच्या गराड्यात मैदान कसं आलं?

हायबरी पूर्वी लंडन शहराबाहेरचं गाव होतं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे श्रीमंतांची घरं उभी राहिली. एकोणिसाव्या शतकात भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांच्या रांगांनी बाकीची मोकळी जागा भरत गेली. वाचलेल्या जागेपैकी हायबरी फील्ड्स १८८५ मध्ये सार्वजनिक उद्यान झालं.

आर्सेनल हा मुळात थेम्स नदीच्या दक्षिणेकडचा क्लब. वुलिचच्या शस्त्रास्त्र कारखान्यातल्या कामगारांनी तो १८८६ मध्ये सुरू केला. तिथे प्रेक्षक कमी आणि पैशांची चणचण, म्हणून १९१३ मध्ये क्लब हायबरीत आला. इथे एका धर्मशास्त्र महाविद्यालयाची मैदानं होती आणि जवळच गिलेस्पी रोड हे भुयारी रेल्वेचं स्टेशन होतं. स्थानिक रहिवाशांनी विरोध केला, पण जागा २१ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं मिळाली. गुड फ्रायडे आणि नाताळच्या दिवशी सामने होणार नाहीत, अशी महाविद्यालयाची अट होती. १९२५ मध्ये क्लबनं ही जागा विकतच घेतली.

१९३० च्या दशकात प्रशिक्षक हर्बर्ट चॅपमन यांच्या संघानं विजेतेपदं मिळवायला सुरुवात केली. १९३२ मध्ये वेस्ट स्टँड आणि १९३६ मध्ये ईस्ट स्टँड उभा राहिला. दोन्ही त्या काळच्या 'आर्ट डेको' शैलीतले. १९३२ मध्येच स्टेशनचं नावही 'आर्सेनल' झालं. ९ मार्च १९३५ रोजी संडरलँडविरुद्धच्या सामन्याला ७३,२९५ प्रेक्षक आले, हा या मैदानाचा विक्रम ठरला.

मग जागा अपुरी का पडली?

त्या काळी बहुतेक प्रेक्षक उभं राहून सामना बघायचे. १९८९ मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो स्टेडियममध्ये चेंगराचेंगरी झाली आणि त्यात ९७ जणांचा बळी गेला. त्यानंतरच्या टेलर अहवालामुळे मोठ्या क्लबांना सर्व प्रेक्षकांसाठी खुर्च्या बसवाव्या लागल्या. हायबरीची क्षमता सुमारे ३८ हजारांवर आली.

मागणी मात्र वाढतच होती. १९९८ आणि १९९९ मध्ये आर्सेनलनं चॅम्पियन्स लीगचे घरचे सामने वेम्बली स्टेडियमवर खेळवले, तेव्हा ७० हजारांहून अधिक प्रेक्षक येत होते. म्हणजे हायबरीत जागेअभावी हजारो लोक बाहेर राहत होते.

स्टेडियम वाढवायचं तर शेजारची घरं पाडावी लागणार होती आणि रहिवाशांचा त्याला विरोध होता. त्यात १९९७ मध्ये ईस्ट स्टँडला 'ग्रेड-२' वारसा वास्तूचा दर्जा मिळाला. असा दर्जा मिळालेली इमारत विशेष परवानगीशिवाय पाडता किंवा बदलता येत नाही. बाहेर घरं आणि आत वारसा वास्तू, अशा कोंडीत स्टेडियम सापडलं.

शेवटी क्लबनं जवळच नवं, ६० हजार आसनांचं एमिरेट्स स्टेडियम बांधलं. ७ मे २००६ रोजी हायबरीत शेवटचा सामना झाला. आर्सेनलनं विगनला ४-२ असं हरवलं. थिएरी ऑन्रीनं तीन गोल केले आणि गुडघे टेकून मैदानाचं चुंबन घेतलं.

काय राहिलं, काय गेलं?

गोलपोस्टांमागचे दोन्ही स्टँड पाडून तिथे नव्या इमारती आल्या. पूर्व आणि पश्चिमेच्या स्टँडच्या दर्शनी भिंती राखून आत घरं बांधली गेली. 'हायबरी स्क्वेअर' नावाच्या या प्रकल्पात ७०० हून अधिक घरं आहेत. मधल्या मैदानाची बाग झाली आणि तिच्याखाली वाहनतळ आला.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. वारसा दर्जा इमारत वाचवतो, तिचा वापर नाही. सामन्याच्या दिवशीची गर्दी, खाण्याच्या गाड्या, भरलेले पब यांना तो लागू होत नाही. हायबरीत हे सगळं बऱ्याच अंशी टिकलं, कारण नवं स्टेडियम चालत काही मिनिटांवर आहे. प्रेक्षक आजही त्याच स्टेशनवर उतरून त्याच गल्ल्यांतून जातात.

पूर्व लंडनमधल्या अप्टन पार्कची गोष्ट वेगळी. २०१६ मध्ये वेस्ट हॅम क्लब तिथून काही किलोमीटर दूर स्ट्रॅटफर्डला गेला. जुनं मैदान पाडून तिथेही घरं बांधली गेली, पण सामन्याच्या दिवशीचं गिऱ्हाईक क्लबबरोबरच निघून गेलं.

म्हणूनच एखादं जुनं मैदान हलवण्याचा विषय निघतो, तेव्हा जुन्या भिंतींचं काय होणार एवढंच विचारून पुरत नाही. नवं मैदान किती दूर आहे, हा प्रश्न शेजारच्या दुकानदारासाठी जास्त महत्त्वाचा असतो. हायबरीच्या स्टेशनचं नाव आजही 'आर्सेनल'च आहे. फलाटाच्या भिंतीवरच्या जुन्या फरशांवर मात्र अजून 'गिलेस्पी रोड' असंच वाचायला मिळतं.