किटवरची बेरीज

फेब्रुवारीतली दुपार. साताऱ्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजची संगणक प्रयोगशाळा बारावीच्या मुलांनी भरली आहे. उद्या कॉम्प्युटर सायन्सचं प्रॅक्टिकल. ही सगळी बायफोकलची, म्हणजे व्यवसायाभिमुख विषय घेतलेली मुलं. विषय 200 मार्कांचा, लेखीचे दोन पेपर 50-50चे. खिडकीकडच्या पीसींवर सी++ चाललंय. "अरे, सेमीकोलन कुठंय?" कुणीतरी ओरडतं. जर्नलवर राहिलेल्या सह्यांसाठी मॅडमच्या टेबलाशी रांग लागली आहे.

मी थांबलोय कोपऱ्यातल्या 8085च्या किटपाशी. उघडं सर्किट, त्यावर 40 पायांची चिप, छोटा कीपॅड आणि लाल अंकांचा डिस्प्ले: चार घरं पत्त्याची, दोन डेटाची. इंटेलनं हा मायक्रोप्रोसेसर आणला 1976 साली. इतकं जुनं आता कशाला शिकवायचं, असं पालकही विचारतात. मला वाटतं, शिकवायलाच हवं. इथे एकेक बाइट आपल्या बोटानं आत जातो. काही झाकलेलं राहत नाही.

किटवरची मुलगी दोन संख्यांची बेरीज करतेय. मेमरीत C000 या पत्त्यावर 05, C001ला 09. वहीत ओळीनं ओपकोड, म्हणजे प्रोसेसरला द्यायच्या आज्ञांचे आकडे लिहिलेत: 21, 7E, 23, 86, 23, 77. एकेक बटण दाबून ती प्रोग्रॅम भरते, चालवते आणि उत्तरासाठी C002 उघडते. FF. पुन्हा चालवते. पुन्हा FF.

"पाठ केलेलं बरोबर आहे गं," शेजारची मैत्रीण वही तपासून सांगते.

"मग उत्तर का येत नाही?"

मॅडम येतात, पण किटला हात लावत नाहीत. "21च्या पुढे काय भरलंस, ते बघ."

ती एकेक घर पुढे सरकत जाते. 21. C0. 00. तिथेच थांबते. "मॅडम, उलटं झालं! पत्त्याचा मागचा अर्धा, 00, आधी पाहिजे."

"मग इतका वेळ प्रोसेसर कुठल्या पत्त्यावर गेला?"

"00C0." जरा विचार करून ती म्हणते, "तिथे रॉम आहे ना? म्हणून उत्तर लिहिलंच गेलं नाही."

हे तिला गाइडातून मिळालं नसतं. दोन घरं बदलून ती प्रोग्रॅम चालवते. 0E, म्हणजे 14. मैत्रीण टाळी द्यायला हात पुढे करते, पण हिचं लक्ष आता C000कडे. तिथे ती FF भरते, C001ला 02. उत्तर येतं 01, हातचा दिसतच नाही.

"कॅरी गेला कुठे?"

"फ्लॅगमध्ये. तो ठेवायचा कसा, ते तू सांग," म्हणत मॅडम सह्यांकडे वळतात.

भिंतीवरच्या तक्त्यात तिला JNC सापडतं, कॅरी नसेल तर उडी मारायची आज्ञा: D2. वहीत ते घुसवते. पण आता उडी मारायचा पत्ता काय द्यायचा? पेन्सिल घेऊन ती पहिल्या ओळीपासून बाइट मोजायला लागते.